लई गुनी पोर

कोणी लहान मुलाला 'गुणी' म्हटलं की माझं डोकं फिरतं. घरच्यांना हे माहीत आहे, म्हणून भाचरांच्या बाबतीत तो शब्द आमच्याकडे कोणी काढत नाही. बाहेर मात्र रोज ऐकावा लागतो. रडत नाही, मागत नाही, ठेवलं तिथे बसतं, पाहुण्यांच्या बोलण्यात लुडबुड करत नाही, ते पोर गुणी. खेड्यात 'लई गुनी' म्हणतात, आमच्या नगरातल्या मास्तर-मास्तरणींच्या घरांत 'समंजस' म्हणतात. अर्थ एकच, मोठ्या माणसांना त्रास नाही. मी स्वतः लहानपणी कमालीची रडकी आणि भांडखोर होते. माझ्यापायी आईने शेजाऱ्यांची खूप बोलणी खाल्ली. आता वाटतं, बरंच झालं.

माझं काम सांगायला सोपं आणि पटवायला अवघड आहे. ज्या घरात सहा वर्षांच्या आतलं मूल आहे तिथे जायचं, आईशी बोलत बसायचं, मुलाकडे नीट बघायचं, आणि काही बिनसतंय असं वाटलं तर पुरतं बिनसायच्या आत घरच्यांच्या सोबतीला उभं राहायचं. एका छोट्या संस्थेत मी हे बरीच वर्षं करते आहे. दारात गेले की पहिला प्रश्न ठरलेला, "काय झालं म्याडम?" काही झालं नाही म्हणूनच आलेय, असं म्हटलं की लोक माझ्याकडे विमा विकायला आल्यासारखे बघतात. "मग काही झालं की सांगू की तुम्हाला," असं म्हणून चहा टाकतात. चहा चांगला असतो. पण झाल्यावर मला बोलावून काय उपयोग, हे मी इतक्या ओट्यांवर बसून बोललेय की आता झोपेतही बोलेन.

ती वस्ती कोल्हारहून संगमनेरच्या अंगाला, डांबरी रस्ता सोडून उसातून आत जाऊन होती. स्लॅबचं घर, पुढे पत्र्याचा लांब गोठा, संकरित गायी, धारा काढायचं मशीन, दारात मोटारसायकल. माणसं चारच. सासू, तिचा मुलगा, सून आणि दोन वर्षं उलटून गेलेली नात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा नात लोखंडी कॉटवर एक वाटी घेऊन बसली होती. मी आले, बसले, मोठ्याने बोलले (माझा आवाज लहान नाही), तिने वर बघितलं नाही. माझी सावली तिच्या वाटीवर पडली तेव्हा बघितलं आणि गोड हसली.

"लई गुनी पोर हाय," आजी म्हणाल्या. "कधी तरास न्हाई. कान टोचताना बी रडली तेवढीच, पुन्हा गप. जल्मल्यापास्नं अशीच."

पोरीच्या कानात सोन्याच्या बाळ्या होत्या, नाजूक आणि छान घडवलेल्या.

"बोलते का?" मी विचारलं.

"तिचा बाप बी उशिराच बोलला. आता बगा, तोंड मिटत न्हाई त्याचं."

"हाक मारली की येते?"

हा प्रश्न आजींना झोंबला. त्या आत गेल्या, स्टीलचं ताट आणलं आणि पोरीच्या पाठीमागे कॉटच्या नळीवर दणकन आपटलं. पोर चटकन वळली. आजींनी माझ्याकडे असं बघितलं की मी आता निघावं.

"आजी, कॉटवर नका आपटू. कॉट हलते, तिला बुडाखाली कळतं. ताट हवेत धरून वाजवा."

"आता ताट कसं वाजवायचं ते बी तुमीच शिकवा," आजी म्हणाल्या आणि ताट घेऊन आत गेल्या.

मग बाकीचं ऐकायला मिळालं. गावातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, पाच वर्षांची होऊ द्या, मग बघू. कोणी सांगितलं म्हणून वेखंड उगाळून जिभेला लावत होते. पोपटाने टोचलेला पेरू खाऊ घालून झाला होता. म्हणजे पोरगी बोलत नाही याची काळजी घरात होती, भरपूर होती. फक्त सगळ्यांची नजर तिच्या जिभेवर होती. कानांचं काम टोचून, सोनं घालून, कौतुक करून संपलं होतं.

हे सगळं चालू असताना सून गोठ्याच्या दारात उभी होती, कोपरापर्यंत हात शेणाने भरलेले. तिने तोंड उघडल्यासारखं केलं. आजी म्हणाल्या, "जा, पेंड भिजत घाल." ती गेली.

"सून बी गुनी हाय," आजी मला म्हणाल्या. "आवाज म्हनून न्हाई घरात तिचा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण पहिल्याच भेटीत भांडायचं नाही असा मी स्वतःला नियम घालून घेतलाय. मी चहा पिऊन उठले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात आमच्या साहेबांसमोर मी हे मांडलं. साहेब माणूस वाईट नाही. पण त्यांना प्रत्येक गोष्टीचं 'प्रकरण' लागतं.

"प्रकरण काय आहे?" त्यांनी विचारलं.

"मुलीला ऐकू येत नसावं. लवकर तपासायला हवी."

"मारहाण?"

"नाही."

"उपासमार, दारू, टाकून दिलेली बाई?"

"नाही. गायी आहेत, मोटारसायकल आहे."

"मग खातंपितं घर आहे. जातील दवाखान्यात आपापले. आपण कशाला मध्ये पडायचं? जामखेडकडची गावं बघा, तिथे खरी गरज आहे."

मी जामखेडकडेही जाते. तिथली आई मला काय विचारते? "काय झालं म्याडम?" गरिबाच्या घरी आम्ही उशिरा जातो कारण तिथवर पोचत नाही, आणि खात्यापित्याच्या घरी उशिरा जातो कारण तिथे सगळं ठीक असणार असं धरून चालतो. ऐकायचं शिकायची वर्षं सुरुवातीचीच. ज्या मुलाच्या कानात तेव्हा आवाज गेला नाही, त्याला नंतर आवाजाचा अर्थ लावणं महाकठीण जातं. डॉक्टर हे सांगतात, पुस्तकं सांगतात, आमच्याच प्रशिक्षणात चकचकीत पडद्यावर मोठ्या अक्षरांत दाखवतात. पडदा गुंडाळला की साहेब विचारतात, प्रकरण काय आहे. हे सगळं मी साहेबांना ऐकवलं, जरा जास्तच मोठ्याने. त्यांनी कानावर हात ठेवले. खरंच ठेवले, माझ्या आवाजामुळे.

तरी मी गेलेच. एकदा जाणूनबुजून संध्याकाळी गेले, कारण त्या वेळी सून गोठ्यात असते आणि आजी देवापाशी. सून मशीन लावून धारा काढत होती. पोरगी गोठ्याच्या तोंडाशी पोत्यावर बसून आईकडे एकटक बघत होती. एवढीशी पोर, पण नजर आईवरून ढळेना. आई गायीच्या आड गेली की मान तिरकी करून शोधायची, दिसली की पुन्हा शांत. मी तिच्यामागे उभी राहून मोबाईलची रिंग वाजवली. पुढच्या गायीने कान हलवले. पोर बघत राहिली.

आणि लाईट गेली.

मशीन थांबलं. गोठ्यात मिट्ट काळोख झाला, आणि त्या काळोखात पोरीने जो टाहो फोडला तो मी विसरणार नाही. भोकाड पसरणं वेगळं, त्याला सूर असतो, कोणी ऐकतंय का याचा अंदाज असतो. हिला तो अंदाज नव्हता. आई ओरडून सांगत होती, "हाय गं, हितंच हाय, आले गं बाय." दोन्ही हात कासेत गुंतलेले, उठता येईना. पोरीचा आवाज वाढत गेला. मी चाचपडत जाऊन तिला उचलली. माझ्या गळ्याला हात लागला तशी ती जराशी थांबली.

आजी बॅटरी घेऊन आल्या. "भित्री हाय लई," म्हणाल्या. "लाईट गेली की अशीच करती. उसात बिबट्या फिरतो ना, त्याच्या गोष्टी ऐकून ऐकून भ्याली."

"ऐकून?" मी म्हटलं.

"व्हय. शेजारची पोरं सांगत्यात."

"आजी, हिची आई आत्ता चार हातांवरून ओरडत होती. ते हिला ऐकू आलं नाही. मी उचललं तेव्हा थांबली. बिबट्याच्या गोष्टी कुठल्या कानाने ऐकल्या हिने?"

आजींनी बॅटरी पोरीच्या कानाकडे वळवली. तेवढ्यात गायीच्या पलीकडून, काळोखातून, सुनेचा आवाज आला. तो आवाज मी पहिल्यांदाच नीट ऐकत होते.

"तिला न्हाई ऐकू येत, ताई. मला म्हाईत हाय. अंगावर पीत हुती तवापास्नं म्हाईत हाय. अंधार पडला की तिला मीच उरत न्हाई."

"तू मला कवा बोलली न्हाईस," आजी म्हणाल्या.

"बोलले हुते. तुमी म्हनला, पोरीला नाव ठिवू नगं."

आजींनी बॅटरी माझ्या हातात दिली आणि घरात गेल्या. मी बॅटरी सुनेवर धरली. तिने उरलेल्या धारा हाताने काढल्या. रडत होती, पण हात थांबले नाहीत.

आता तुम्हाला वाटेल, सुटला प्रश्न, दुसऱ्या दिवशी दवाखाना. नाही. तपासणी शहरातल्या मोठ्या दवाखान्यात. पोरीला झोपवून, डोक्याला वायरी लावून कान तपासतात. ती झोपेल तेव्हा होणार, म्हणजे पहाटे निघायचं आणि रात्री यायचं. आणि दोन्ही वेळच्या धारा? गायी फक्त सुनेच्या हाताला सरावलेल्या. दुसरं कोणी गेलं की बुजतात, दूध चोरतात, लाथा झाडतात. या एका कारणाने जाणं लांबत गेलं. आज डेअरीची गाडी लवकर येणार, उद्या एक गाय व्यायला आली, परवा पाहुणे. मधल्या एका सकाळी मी गेले तर दारात गुरांचा डॉक्टर. गायीला दगडी झाली होती, कास सुजली होती. पोरीच्या बापाने पहाटे फोन केला आणि उजाडता उजाडता डॉक्टर हजर. इंजेक्शन, औषध, पुन्हा कधी यायचं ते ठरलेलं. गायीचं काही चुकलं नव्हतं, तिला उपचार मिळायलाच हवेत. पण माझा तोल गेला.

"गायीसाठी फोन करता ना? तिने तुम्हाला येऊन सांगितलं का दुखतंय म्हणून?" मी पोरीच्या बापाला म्हणाले. "तुम्ही तिच्याकडे बघितलंत आणि ओळखलंत. मग हिच्याकडे कधी बघणार?"

"तसं न्हाई ताई. पन धारा कोन काढनार?"

"तुम्ही. तुमचे हात मोडलेत का?"

"गायी उभं ऱ्हात न्हाईत मला."

"मग उभं राहायला शिकवा."

सुनेनेच तोड काढली. नवऱ्याला म्हणाली, माझी धारांची साडी गुंडाळा अंगाला, तिच्या वासाने गायी शांत ऱ्हातील. तो भयंकर लाजला. एवढा बाप्या गडी, मळक्या फुलाफुलांच्या साडीत. पहिल्या संध्याकाळी त्याने गोठ्याला पुढून ताडपत्री लावली, रस्त्यावरून कोणाला दिसू नये म्हणून. एका गायीने लाथ मारली, बादली सांडली, आजी म्हणाल्या, "शोभतोयस." पण पुढच्या आठवड्यात गायी त्याला उभ्या राहायला लागल्या. मी रोज फोन करून विचारायची, आज किती गायींनी दाद दिली. साहेबांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "धारा काढायला माणूस तयार करणं हे आपलं काम आहे?" मी म्हटलं, हो, हेच आपलं काम आहे, दुसरं काय वाटलं तुम्हाला?

गेलो एकदाचे. मी, सून आणि पोर. दिवसभर रांगा. पोर झोपेना, मग झोपली, वायरी लागल्या, संध्याकाळी डॉक्टरांनी बोलावलं. दोन्ही कान अधू. अगदी थोडं ऐकू येतंय, तेवढ्यावर काम करता येईल. कानाला मशीन बसवायचं, दर आठवड्याला बोलण्याच्या वर्गाला आणायचं. मग डॉक्टर सुनेकडे वळून म्हणाले, "इतके दिवस काय झोपला होतात? आई ना तुम्ही? हिला वर्षभरापूर्वीच आणायला नको होतं?"

मी तोंड उघडलं. माझ्यापाशी सगळं तयार होतं, पाच वर्षांची होऊ द्या म्हणणारा डॉक्टर, ताट, वेखंड, साहेबांचं प्रकरण. पण सून माझ्याआधी बोलली. आवाज घरात नसलेली सून.

"मी झोपले नव्हते सर," ती म्हणाली. "मी सांगत हुते. तुमच्यासारख्याच एका डाक्टरला बी सांगितलं. ते म्हनले, थांबा. मी थांबले. पोरीला ऐकू येत न्हाई, पन मला तर येतं. माझं कुनी का ऐकलं न्हाई, ते सांगा आधी."

डॉक्टरांनी हातातला कागद बाजूला ठेवला. मग त्यांनी मशीनबद्दल पुन्हा पहिल्यापासून नीट समजावून सांगितलं, तिच्याकडे बघून.

परतीच्या एसटीत ती माझ्या शेजारी पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. "लई बोलले का ओ ताई मी?" तिने विचारलं. मी म्हटलं, अजून बोलायला हवं होतंस.

मशीन बसलं. पुढचे महिने सोपे गेले नाहीत. पोर मशीन काढून फेकायची, एकदा गायीच्या गव्हाणीत टाकलं, सगळी वैरण उपसावी लागली. वर्गाच्या दिवशी बाप साडी गुंडाळायचा. ताडपत्री त्याने कधी काढली ते माझ्या लक्षातही आलं नाही. आणि पोर बदलली. भांडी आपटायला लागली, कारण भांड्याला आवाज असतो हे तिला आत्ता कळलं होतं. दार आपटून बघायची, पुन्हा आपटायची. हट्ट करायची, ओरडायची, जमिनीवर लोळायची. आजी वैतागून मला म्हणाल्या, "काय करून ठिवलं म्याडम तुमी? पयली लई गुनी हुती." मी काही बोलायच्या आत त्यांचं त्यांनाच कळलं. त्या पोरीजवळ गेल्या, तिच्या हातातून ताट घेतलं आणि हवेत धरून वाजवलं. पोर वळली. आजींनी पुन्हा वाजवलं.

साहेब आता या घरावर फार खूश आहेत. त्यांना वार्षिक कार्यक्रमात सांगायला एक चांगली गोष्ट हवी होती. आधीचा फोटो आहे का, असं मला विचारलं. मी म्हटलं, आधी आपल्या लेखी हे 'प्रकरण'च नव्हतं, फोटो कुठून असणार? ते म्हणाले, तुम्ही फार टोकाचं बोलता.

मागच्या महिन्यात मी त्या वस्तीवर होते, संध्याकाळी, धारांच्या वेळी. सून आत गायीपाशी, पोर पोत्यावर. लाईट गेली. धारांचं मशीन बंद पडलं, मिट्ट काळोख. माझे हात आपोआप पुढे झाले, तिला उचलायला.

"हाय गं," काळोखातून सून म्हणाली, हात कासेतच. "हितंच हाय. आले गं बाय."

पोर रडली नाही. माझे हात तसेच पुढे. मग पोत्यावरून आवाज आला, जाडाभरडा, शब्दाचा नुसता आकार असलेला. "आ-ई."

"व्हय," सून म्हणाली.

"आ-ई."

"व्हय, हितंच."

ती हाक मारत राहिली आणि आई ओ देत राहिली, लाईट येईपर्यंत. मला आनंद झाला, झालाच. पण त्याहून जास्त राग आला. एवढंच हवं होतं या पोरीला. एक मशीन, आणि आईचं म्हणणं ऐकणारं कोणीतरी. जन्मल्यापासून लाईट गेली की आपल्याला जगात कोणी नाही असं वाटून तिने टाहो फोडला, आणि आम्ही सगळे मिळून तिला भित्री म्हणालो, आणि बाकीच्या वेळी गुणी.